मृदेतील उपकारक जीवाणू व मराठवाड्यातील शेती

वनस्पतींच्या मुळांवर, मुळांच्या आत वा मुळांलगतच्या मातीत राहून त्यांच्या वाढीस साहाय्य करणारे जीवाणू म्हणजे उपकारक मृदा-जीवाणू होत. त्यांची कृत्रिम रीत्या वाढ करून तयार केलेले संवर्धन बियाण्यास चोळतात किंवा मातीत मिसळतात. नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील शेती बव्हंशी पावसावर अवलंबून असल्याने तेथे अवर्षणात तग धरण्याच्या दृष्टीनेही त्यांना महत्त्व आले आहे.

तूर, मूग, उडीद किंवा हरभरा यांचा बेवड पुढील पिकाला मानवतो, हे येथील शेतकऱ्यांस पूर्वापार ठाऊक होते. त्याचे शास्त्रीय कारण हेल्रीगेल व व्हिल्फार्ट यांनी 1886–88 या काळात जर्मनीत दाखवून दिले. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, असे त्यांना आढळले. 1888 मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञांनी हे ऱ्हायझोबियम जीवाणू वेगळे केले. भारतात या विषयाचा पाया एन. व्ही. जोशी यांच्या 1920 मधील संशोधनाने घातला गेला.

मराठवाड्यासाठी परभणी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले ते 1972 च्या दुष्काळी वर्षातच. पुढे नांदेड-लातूर भागात सोयाबीनचा प्रसार झाला, तेव्हा संवर्धनाची गरज अधिक स्पष्ट झाली. तुरीला उपयोगी पडणारे जीवाणू येथील मातीत मुळातच असतात. सोयाबीन हे बाहेरून आलेले पीक असल्याने त्याचे जीवाणू मात्र नव्या जमिनीत बियाण्याबरोबरच पुरवावे लागतात.

काही जीवाणू नायट्रोजनाखेरीज अन्य प्रकारेही उपयोगी पडतात, हे 1978 नंतरच्या संशोधनाने पुढे आले. पाण्याचा ताण पडला की वनस्पतीत एथिलीन वाढून मुळांची वाढ खुंटते. स्यूडोमोनस व बॅसिलस वंशांतील काही वाण एथिलीनचे पूर्वद्रव्य विघटित करून ही वाढ चालू ठेवतात. काहींनी स्रवलेला चिकट पदार्थ मुळांभोवती मातीचे कण बांधून ओलावा टिकवतो.

तथापि हे साहाय्य मर्यादित असते. पावसाच्या अल्प खंडात पीक सावरण्यास त्याचा उपयोग होतो. प्रदीर्घ अवर्षणात जीवाणूही तग धरू शकत नाहीत. सोयाबीनच्या गाठींतील नायट्रोजन-स्थिरीकरण तर कोरड्या मातीत लवकर मंदावते. शिवाय उन्हाने तापलेल्या गोदामात संवर्धनातील जीवाणू मरतात आणि शेतकऱ्याच्या हाती निर्जीव भुकटी पडते. 2006 मध्ये जीवाणू-खते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणून जिवंत जीवाणूंची किमान संख्या ठरविण्यात आली, ती याच दृष्टीने महत्त्वाची होय.

बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी व संवर्धन शेवटी लावतात, बियाणे सावलीत सुकवितात आणि पुरेशी ओल असताना लगेच पेरतात. शेणखताने सेंद्रिय द्रव्य वाढविल्यास जीवाणू अधिक टिकतात. पाण्याला पर्याय म्हणून नव्हे, तर ओलावा राखणाऱ्या मशागतीची जोड म्हणूनच त्यांचा वापर फलदायी ठरतो.