एसीके मीडिया

एसीके मीडिया ही मुंबईतील प्रकाशन व मनोरंजन क्षेत्रातील कंपनी आहे. अनंत पै यांनी नावारूपास आणलेली 'अमर चित्र कथा' (१९६७) ही चित्रकथामाला आणि 'टिंकल' (१९८०) हे बालमासिक या कंपनीने २००७ साली इंडिया बुक हाऊसकडून विकत घेतले. २०११ मध्ये फ्यूचर समूहाने कंपनीचे बहुसंख्य समभाग संपादन केले.

व्यावसायिक मूल्य

चित्रकथांच्या अशा खरेदीत छापील अंकांपेक्षा पात्रांवरील हक्क अधिक मोलाचे ठरतात. एकच पात्र पुस्तके, चित्रपट व खेळणी यांतून वारंवार उत्पन्न देते. डिस्नेने २००९ मध्ये महानायकांच्या चित्रकथा काढणारी मार्व्हल ही अमेरिकी कंपनी सुमारे ४ अब्ज डॉलरना घेतली, ती याच हिशेबाने.

'अमर चित्र कथे'ची स्थिती मात्र भिन्न आहे. राम, कृष्ण वा शिवाजी महाराज यांच्यावर कोणाचीही मालकी असू शकत नाही. कंपनीचे हक्क संहिता, चित्रे व नाममुद्रा यांपुरतेच मर्यादित आहेत. त्याच कथा अन्य प्रकाशकही नव्याने चितारू शकतो. 'टिंकल'मधील शिकारी शंभू हे पात्र मात्र स्वतंत्र निर्मिती असल्याने त्याचे हक्क राखता येतात. त्यामुळे 'अमर चित्र कथे'चे मूल्य मुख्यतः वाचकांच्या पिढ्यांनी त्या नावावर ठेवलेल्या विश्वासात आहे.