दंडावरचे वण आणि शाळेचा दाखला



ऑगस्ट उजाडला की आपल्या मंडळातल्या फोनांना एकच विषय पुरतो. गणपतीची वर्गणी नव्हे, नाटकाच्या तालमी नव्हेत, तर शाळेचा आरोग्याचा फॉर्म. भारतातून नुकतेच आलेले एखादे कुटुंब, मुलाचा पहिलीतला प्रवेश, आणि हातात शाळेच्या नर्सबाईंचे पत्र की अमुक लशींचा पुरावा मिळेपर्यंत मुलाला वर्गात बसवता येणार नाही. पत्र वाचले की पहिला विचार मनात येतो तो असा: आमची मुले काय रोगट आहेत?

आम्हीही कधी काळी असेच चिडलो होतो. मंडळातल्या एका मुलाची गोष्ट अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याचा जन्म २ ऑगस्टचा. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस त्याला पुढल्या वर्षी ७ नोव्हेंबरला, म्हणजे चांगला पंधरा महिन्यांचा झाल्यावर, पुण्यात टोचली होती. डॉक्टरांनी आपल्या पद्धतीने कार्डावर ७/११ असे लिहिले. इथल्या शाळेने ते वाचले ११ जुलै. म्हणजे मूल अकरा महिन्यांचे. इथल्या नियमाप्रमाणे पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेली ही लस हिशेबात धरत नाहीत. मुलगा चार दिवस घरी बसला, आणि वडील कामावरून सुट्टी घेऊन कॅलेंडर समजावत हिंडले. आज हसू येते, त्या आठवड्यात त्या घरात कोणी हसत नव्हते.

हे नियम आले कोठून आणि ते आपल्यासाठीच केलेले आहेत का, हे जरा मागे जाऊन पाहावे असे आम्हाला वाटले. म्हणून हा लेख.

सुरुवात देवीपासून करावी लागते. जेन्नर साहेबाने १७९६ मध्ये गोस्तन देवीची लस प्रथम टोचली. ती सहा वर्षांत मुंबईला पोचली. बगदाद, बसरा करीत, एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात, अशी ती लस आली आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत टोचली गेली. भारतातली ही पहिली लस. तेव्हा लसीकरण ही काहीतरी अमेरिकन भानगड आहे असे समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की आपल्या मुंबईत तिला दोनशेहून अधिक वर्षे झाली. ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होता, आणि मंडळातल्या ज्येष्ठांच्या दंडावर तो वण आजही आहे. नातवंडे विचारतात, “आजोबा, हे काय?”

अमेरिकेत शाळा आणि लस यांची गाठ बॉस्टनमध्ये पडली. १८२७ साली त्या शहराने शाळेत येणाऱ्या मुलांकडून देवी काढल्याचा पुरावा मागायला सुरुवात केली. पुढे मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५२ मध्ये मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे केले आणि तीनच वर्षांनी, १८५५ मध्ये, शाळेसाठी देवीची लस सक्तीची केली. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. सरकारने एकदा शंभर घरची मुले कायद्याने एका खोलीत आणून बसवली की एकाचा आजार दुसऱ्याला लागू न देणे हीही सरकारचीच जबाबदारी होते.

आपल्याकडेही नेमके असेच झाले. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी झाली तीही बडोद्यातच, १९०९ साली. दुर्दैव असे की बडोद्याचा हा धडा बाकीच्या देशाने फारसा गिरवला नाही. १९४६ साली भोर समितीने भारतातल्या शाळांत आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच असे नोंदवले. आमच्या शाळेत वर्षातून एकदा कोणी डॉक्टर येत, जीभ बघत, पाठीवर हात ठेवत, आणि पुढच्याला बोलावत. आपल्यापैकी अनेकांची आठवण तेवढीच असेल.

परत अमेरिकेकडे वळू. १८९४ मध्ये घटसर्पाच्या साथीनंतर बॉस्टनने शाळांसाठी पन्नास डॉक्टर नेमले आणि १८९७ मध्ये न्यूयॉर्कनेही तेच केले. पण न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचे काम काय, तर मुले तपासायची आणि आजारी दिसेल त्याला घरी पाठवायचे. डोळ्यांत खुपऱ्या, डोक्यात गजकर्ण, उवा, खरूज. ही मुले बहुतेक परदेशातून आलेल्या गरिबांची होती, ज्यू, इटालियन, आयरिश. घरी पाठवलेल्या मुलावर उपचार करायचे कोणी? आईला इंग्रजी येत नसे आणि चिठ्ठीवर काय लिहिले आहे हे कळत नसे. मूल दिवसभर रस्त्यावर हिंडे आणि शाळा सुटली की ज्या मुलांपासून त्याला दूर ठेवले त्यांच्याशीच खेळे. लिलियन वॉल्ड या बाईंनी हेन्री स्ट्रीटवर गरिबांच्या वस्तीत परिचारिकांचे केंद्र चालवले होते. डोक्यावरच्या फोडांमुळे बारा वर्षांचा होईपर्यंत शाळेचे तोंड न पाहिलेला एक मुलगा त्यांच्या पाहण्यात आला. नीट मलमपट्टी केली तेव्हा तो बरा झाला आणि शाळेत गेला.

यातून १९०२ च्या ऑक्टोबरात एक प्रयोग झाला. लीना रॉजर्स नावाची परिचारिका महिनाभर चार शाळांत पाठवली गेली. चार शाळांत मिळून सुमारे दहा हजार मुले आणि बाई एकटी. या लीनाबाईंचे शिक्षण टोरांटोच्या मुलांच्या इस्पितळात झालेले, म्हणजे त्याही कॅनडातून इथे आलेल्या. त्यांनी पद्धत अशी ठेवली की किरकोळ दुखण्यावर शाळेतच औषध लावायचे, मुलाला वर्गात परत बसवायचे, आणि दुखणे मोठे असेल तर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आईला समोर दाखवायचे. पाणी कसे उकळायचे, पट्टी कशी बांधायची, सगळे हाताने करून. महिन्याचा प्रयोग इतका पटला की शहराने आणखी परिचारिका नेमल्या, आणि वर्षभरात आजारासाठी घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. आज ज्या नर्सबाईंच्या पत्राने आपण चिडतो त्यांची नोकरी मुळात परक्या देशातून आलेल्यांच्या मुलांना शाळेत ठेवण्यासाठी निर्माण झाली, बाहेर काढण्यासाठी नव्हे. हे आम्हाला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्या कॅलेंडरच्या प्रकरणात आम्ही थोडे वेगळ्या सुरात बोललो असतो.

सगळेच मात्र इतके गोड नव्हते. १९०६ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात एका शाळेत डॉक्टरांनी मुलांच्या नाका-घशातल्या वाढलेल्या गाठी काढल्या. वस्तीत अफवा पसरली की शाळेत मुलांचे गळे कापतात. यिडिश बोलणाऱ्या आया हजारोंनी शाळांवर चालून गेल्या, खिडक्या फुटल्या, पोलीस आले. पुणेकरांना हे काही नवीन नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सोजीर घराघरांत शिरले तेव्हा पुण्यात काय संताप उसळला आणि २२ जूनच्या रात्री काय घडले ते आपण शाळेत शिकलो आहोत. रोगावरचा उपाय शास्त्रशुद्ध असला तरी तो कोण करतो, कोणत्या भाषेत सांगतो, घरात शिरताना चपला काढतो की नाही, यावरच लोक तो मानायचा की नाही ते ठरवतात.

कायद्याचे भांडणही होतेच. केंब्रिज गावचे पाद्री हेनिंग जेकबसन हे स्वीडनमधून आलेले. लहानपणी लशीचा त्रास झाला म्हणून साथीच्या काळात त्यांनी देवी काढून घ्यायचे नाकारले. दंड पाच डॉलर. तो न भरता ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९०५ मध्ये हरले. १९२२ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या रोझलिन झुक्ट या मुलीचा खटला आला, लस नाही म्हणून शाळेत घेत नाहीत असा. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी निकाल शाळेच्या बाजूने दिला आणि एकाही न्यायमूर्तींचे मत विरुद्ध पडले नाही.

पुढचे थोडक्यात. १९५४ मध्ये साल्क यांच्या पोलिओ लशीच्या चाचणीत अठरा लाखांहून अधिक शाळकरी मुलांनी भाग घेतला. १९६३ मध्ये गोवराची लस आली, पण ती टोचून घ्यायला लोक आळस करीत. १९७७ मध्ये गोवराच्या साथीत लॉस एंजलिस परगण्याने मुदत घातली आणि २ मेला पुरावा नसलेली सुमारे पन्नास हजार मुले घरी पाठवली. बहुतेक जण थोड्याच दिवसांत टोचून घेऊन परत आले. ही गोरी, काळी, सगळी मुले होती, त्यात परदेशातून आलेल्यांना वेगळे काढलेले नव्हते. १९८० च्या सुमारास पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. तरी १९८९ ते १९९१ या काळात पंचावन्न हजारांवर लोकांना गोवर झाला आणि सव्वाशेच्या आसपास दगावले. म्हणून दुसरा डोस आला, आणि ज्यांना परवडत नाही अशा मुलांना फुकट लशी देणारी केंद्र सरकारची योजना १९९४ पासून सुरू झाली.

आता आपल्या घरच्या सर्वांत नाजूक विषयाकडे येतो. तो म्हणजे बी.सी.जी.

भारतात मूल जन्मले की डाव्या दंडावर क्षयाची ही लस टोचतात. अमेरिकेने ती सर्व मुलांसाठी कधी स्वीकारलीच नाही. इथे पद्धत वेगळी. हाताच्या कातडीत थोडे द्रव्य टोचायचे आणि दोन-तीन दिवसांनी आलेली गाठ मोजायची. लाली मोजत नाहीत, गाठ मोजतात. आपल्यासारख्या देशातून नव्याने आलेल्यांची गाठ दहा मिलिमीटर भरली की निकाल ‘पॉझिटिव्ह’. बी.सी.जी. मुळेही गाठ येऊ शकते, पण बी.सी.जी. घेतली होती हे कारण धरू नका अशीच डॉक्टरांना सूचना होती. मग छातीचा फोटो, तो स्वच्छ निघाला तरी नऊ महिने रोज आयसोनियाझिडची गोळी.

क्षय हा शब्द आपल्या घरात कसा उच्चारतात हे वेगळे सांगायला नको. मंडळातल्या एका जोडप्याने मुलीच्या गोळ्या नऊ महिने पिठाच्या डब्यामागे ठेवल्या. पाहुणे आले की डबा पुढे सरकायचा. देशी आजीला कळवले नाही, कारण “उद्या लग्नाच्या वेळी कोणी विचारले तर?” मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिला कसलाही आजार नव्हता, तिच्यापासून कोणाला काही लागणार नव्हते. हे आम्हाला कोणी नीट सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. “हे सगळे बी.सी.जी. मुळेच” असे म्हणून गोळ्या कचऱ्यात टाकणारेही आपल्यात होते, आणि ते बरोबर नव्हते. भारतात क्षय आहेच. जंतू शरीरात वर्षानुवर्षे निजून राहतात आणि कधीतरी उठतात. गेल्या वीसेक वर्षांत रक्ताची तपासणी निघाली आहे, तिच्यावर बी.सी.जी. चा परिणाम होत नाही. गोळ्यांची मुदतही नव्या औषधांनी तीन-चार महिन्यांवर आली आहे. तेव्हा मुलाची गाठ आली तर रक्त तपासून घेता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

अलीकडे आम्हाला एक वेगळाच प्रश्न ऐकू येतो. इथेच जन्मलेली, वाढलेली आपली मुले आता आई-बाप झाली आहेत, आणि त्यांच्यापैकी एक-दोघांनी लशीतून सूट कशी मिळते असे विचारले. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये श्रद्धेच्या नावावरची सूट काढून टाकली, इतर अनेक राज्यांत ती आहे. आमचे मत विचाराल तर, ज्यांनी गावात गोवराने गेलेले मूल पाहिले आहे त्यांना हा प्रश्न पडत नाही. २००० साली या देशातून गोवर हटला असे जाहीर झाले होते. २०२५ मध्ये टेक्सासात शाळकरी वयाची दोन मुले गोवराने गेली. दोघांनाही लस दिलेली नव्हती.

या उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या कुटुंबांना तीन गोष्टी आधीच कळवा. कार्डावरच्या तारखांत महिना अक्षरांत लिहून घ्यावा. नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस इथे धरत नाहीत, वर्षानंतरचे दोन डोस लागतात. आणि १ एप्रिल २०१६ नंतर तोंडाने दिलेले पोलिओचे थेंब इथल्या शाळा मोजत नाहीत, इंजेक्शनच लागते. मूळ कार्ड सामानात नको, पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. गेल्या वर्षी एकांची बॅग पाच दिवस उशिरा आली, आणि कार्ड लोणच्याच्या बरणीखाली होते.