दारापुढील कुंडीचा इतिहास



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. घराच्या पायरीवर मांडलेल्या मातीच्या कुंडीलाही इतिहास असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. गोव्यातील बाल्कांव असो, बेळगावकडील पडवी असो, की इंदूर-बडोद्याकडील जुन्या घराचा ओटा असो, तेथे चार कुंड्या बहुधा असतातच. एकीत सदाफुली असते, दुसरीत क्रोटन, तिसरीतून एखादी बोगनवेल खांबावर चढवलेली असते. ही मंडळी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत, की ती मूळची कोठली आणि आपल्या दारी कशी पोचली, हे आपण विचारीत नाही. आज तेच विचारावयाचे आहे. जमिनीत रुजलेले झाड जागचे हलत नाही. कुंडीने त्याला प्रवासाला नेले. त्या प्रवासामुळे आपले फूल कोणते आणि परके कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहिलेला नाही.

झाड उचलून नेण्याची हौस फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात ईजिप्तची राणी हात्शेपसूत हिने पुंट नावाच्या देशाकडे जहाजे धाडली होती. तिच्या देर अल-बाहरी येथील मंदिराच्या भिंतींवर त्या मोहिमेची चित्रे कोरलेली आहेत. त्यांत धूपाची झाडे मुळांसकट टोपल्यांत ठेवून माणसे खांद्यावरून नेत आहेत. प्राचीन अथेन्स नगरात कुंडीचा दुसराच उपयोग होत असे. अडोनिस या तरुण देवाच्या मृत्यूचा शोक करणाऱ्या स्त्रिया फुटक्या मडक्यांत बी पेरून ती मडकी घराच्या छपरावर नेऊन ठेवीत. कोंब झपाट्याने वर येत आणि उन्हाने तितक्याच लवकर कोमेजून जात. तत्त्ववेत्त्या प्लेटोने या 'अडोनिसच्या बागां'चा उल्लेख केला आहे. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजविणाऱ्या आपल्या लोकांना हे दृश्य अगदीच अनोळखी वाटणार नाही.

परंतु खरी कुंडी जन्माला आली ती मडक्याच्या बुडाला भोक पडले तेव्हा. पाणी साठवावयाचे मडके सच्छिद्र असून भागत नाही, आणि झाड लावावयाचे मडके छिद्रावाचून कामाचे नाही. कारण तळाशी तुंबलेल्या पाण्यात मुळे गुदमरतात. रोमन लोकांना हे पक्के ठाऊक होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील केटोने आपल्या शेतीविषयक ग्रंथात भोक पाडलेल्या मडक्यातून झाडाची फांदी ओवून, मडक्यात माती भरून, तिला मुळे फुटल्यावर तोडून लावण्याची रीत सांगितली आहे. आपले माळी ज्याला गुटी कलम म्हणतात त्याचीच ही बहीण होय. पुढे प्लिनीने लिहून ठेवले, की महाळुंगाचे झाड औषधी म्हणून परदेशी नेण्यासाठी लोकांनी मातीची भांडी वापरली आणि मुळांना श्वास घेता यावा म्हणून त्यांना छिद्रे ठेवली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या ज्या उद्रेकात प्लिनी मरण पावला, त्याच उद्रेकाच्या राखेखाली पॉम्पेई नगर गाडले गेले. तेथील बागा उत्खननात उघड्या झाल्या, तेव्हा अशा सच्छिद्र कुंड्या जमिनीत पुरलेल्या सापडल्या.

समुद्रमार्ग खुले झाल्यावर कुंडीच्या वाट्याला मोठी कामे आली, आणि ती सारीच निर्मळ नव्हती. १७८७ च्या अखेरीस इंग्लंडहून 'बाउंटी' नावाचे जहाज निघाले. ताहितीचा नीरफणस वेस्ट इंडीजमध्ये नेऊन तेथील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्त अन्न पुरवावे, हा त्या सफरीचा हेतू होता. त्या नीरफणसाला बी धरत नाही; म्हणून जिवंत रोपेच न्यावयास हवी होती. कप्तान ब्लाय याच्या जहाजावरील उत्तम कक्ष कुंड्यांसाठी राखून ठेवला होता आणि त्यात हजारांहून अधिक रोपे भरली गेली. २८ एप्रिल १७८९ रोजी खलाशांनी बंड केले, कप्तानाला लहान होडीत बसवून सोडून दिले आणि रोपे समुद्रात फेकून दिली. ब्लायने दुसऱ्या सफरीत १७९३ मध्ये ती कामगिरी पुरी केली. पण आरंभी ते फळ गुलामांना रुचले नाही. गोव्यात आणि कोकणात नीरफणसाच्या कापा तळून आवडीने खाल्ल्या जातात. त्या खाताना या फळाची दुसरीकडची ही कहाणीही ठाऊक असावी.

बोगनवेलीची कहाणी त्याआधी थोडी वर्षे घडलेली आहे. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील १७६६ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. त्याच्यासोबत कॉमर्सों नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, आणि त्याची मदतनीस झान बारे ही पुरुषाचा वेष करून जहाजावर चढली होती. कारण स्त्रियांना फ्रेंच आरमारी जहाजावर मज्जाव होता. १७६७ मध्ये ब्राझीलमधील रिओ येथे या दोघांना ही वेल मिळाली. वेलीला नाव लाभले ते मोहिमेच्या नायकाचे. जिने डोंगरदऱ्यांतून नमुन्यांची ओझी वाहिली, ती झान बारे पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री ठरली. तरी पुष्कळ काळ तिचे नाव फारसे कोणी घेत नव्हते.

तथापि खाऱ्या वाऱ्याने आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने जहाजावरील बहुतेक रोपे वाटेतच मरत. यावर तोड निघाली ती लंडनच्या धुरकट वस्तीत. डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ मध्ये एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह काचेच्या बाटलीत बंद करून ठेवला होता. पतंगाऐवजी त्यांचे लक्ष वेधून घेतले मातीतून उगवलेल्या नेच्याने आणि गवताने. बाटलीतील ओलावा दिवसा काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. वरून पाणी घालावे लागत नव्हते. १८३३ मध्ये त्यांनी अशा काचेच्या बंद पेट्या सिडनीला पाठविल्या आणि रोपे सुखरूप पोचली. मग याच पेट्यांतून चीनचा चहा हिमालयाच्या पायथ्याशी आला आणि सिंकोना, म्हणजे क्विनीनचे झाड, १८६० च्या सुमारास निलगिरीवर आले. शोभेची रोपेही अशाच पेट्यांतून देशोदेशी हिंडू लागली.

आता जमीन नसलेल्या माणसाला कुंडीने काय दिले, ते पाहू. स्पेनमधील कोर्दोबा शहरात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो. तेथे जुन्या चाळवजा घरांत अनेक गरीब कुटुंबे एकाच चौकाभोवती राहात. चौकात फरसबंदी, मातीचा पत्ता नाही. तेव्हा त्यांनी पांढऱ्या भिंतींवरच कुंड्या अडकविल्या आणि लांब काठीच्या टोकाला डबा बांधून उंचावरच्या कुंड्यांना पाणी घातले. नगरपालिकेने १९२१ मध्ये या चौकांची स्पर्धा सुरू केली, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने या उत्सवाला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. त्या भिंतींवर सर्वांत अधिक शोभतो तो जिरॅनियम. स्पेनची खूण म्हणून छायाचित्रांत झळकणारे हे फूल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आहे.

पोर्तुगालमध्येही असेच एक उदाहरण आहे. लिस्बनमध्ये जून महिन्यात संत अंतोनीचा सण येतो. संत अंतोनी हे त्याच शहरात ११९५ मध्ये जन्मले, असे मानतात. त्या दिवसांत प्रियजनांना 'मांजेरिकू' नावाच्या रोपाची लहानशी कुंडी भेट देण्याची रीत आहे. कुंडीत कागदी फूल आणि चार ओळींचे पद्य खोचलेले असते. हे रोप म्हणजे आपल्या सब्जाचीच बारीक पानांची एक जात; अर्थात तुळशीच्याच कुळातले. सब्जाचे हे घराणे उष्ण आशियाच्या बाजूने प्राचीन काळीच युरोपात गेले होते. गोव्यात तर एका घरापुढे तुळशीवृंदावन आणि शेजारच्या ख्रिस्ती घरापुढे क्रूस, नि दोहोंच्या पायथ्याशी त्याच फुलांच्या कुंड्या, हे चित्र गावोगाव दिसते. दोन्ही घरांनी ती रोपे एकमेकांच्या अंगणातून मागून आणलेली असतात.

ज्यांना आपण पिढ्यान् पिढ्या आपली म्हणत आलो, त्या फुलांचा पत्ताही एकदा तपासून पाहावा. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मेक्सिकोचा. तेथे तो मृतांच्या स्मरणदिनी थडग्यांवर वाहतात. निशिगंधही तिकडचाच. गुलबक्षी, कर्दळ आणि देवळापुढील खुरचाफा अमेरिका खंडातील, सदाफुली मादागास्करची, शेवंती चीनची. तुळस, मोगरा, अबोली आणि तेरडा मात्र या भागातीलच. आता झेंडूला कोणी परका म्हणून तोरणातून उतरवील काय? त्याने येथली माती, येथला पाऊस आणि येथले सण स्वीकारले, आणि आपणही त्याला स्वीकारले. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान् पिढ्या राहून तेथल्या मातीशी एकजीव झालेल्या आपल्या वाचकांना हे अधिक विस्ताराने सांगावयास नको.

तथापि प्रत्येक पाहुणा सज्जन असतोच असे नाही. घाणेरी, जिला टणटणी असेही म्हणतात, ती अमेरिकेतून शोभेचे झुडूप म्हणून आणली गेली. आज ती आपल्या रानांत माजून गवताची आणि लहान झाडांची जागा बळकावीत आहे. नद्या-तलाव झाकून टाकणारी जलपर्णीही फुलांच्या मोहानेच देशोदेशी पोचली. तेव्हा नवे रोप आणताना ते दिसते कसे, याबरोबर ते पसरते कसे, हेही विचारावे. कुंपण ओलांडणारे झाड कुंडीतच बरे, आणि त्याचे तोडलेले तुकडे ओढ्यात टाकू नयेत.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कुंडीच्या तळाशी खड्यांचा जाड थर घातल्याने निचरा वाढतो, अशी सर्वत्र समजूत आहे. मृदाशास्त्र निराळे सांगते. बारीक मातीतील पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही. वरची माती पुरती चिंब होईपर्यंत ते तेथेच अडून राहते, आणि खड्यांनी मुळांची जागा मात्र खाल्ली जाते. म्हणून छिद्रावर खापराचा एक तुकडा ठेवावा आणि माती, चांगले कुजलेले शेणखत व थोडी वाळू यांचे एकजीव मिश्रण भरावे. कुंडी शक्यतो भाजलेल्या मातीचीच घ्यावी. तिच्या अंगातून ओलावा झिरपतो आणि मुळे थंड राहतात. खानापूरकडे आणि गोव्यात डिचोलीकडे कुंभारकामाची परंपरा आहे. प्लास्टिकच्या कुंडीऐवजी तेथली एक कुंडी घेतली, तर चाकावरच्या त्या हातांनाही काम मिळेल.

या पावसाळ्यापूर्वी दोनच कुंड्या भरा. एकीत अबोली लावा, दुसरीत सदाफुली. मुलांनी विचारले, तर कोणती येथली आणि कोणती मादागास्करहून आली, हे त्यांना अवश्य सांगा. आणि पाणी मात्र दोघींना सारखेच घाला.