नेमणुकीचा कागद : वऱ्हाडातील शिक्षक आणि कायदा

रिद्धपूरचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी मराठीच्या पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले हे गाव. तेराव्या शतकात गोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते, आणि म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणींचे 'लीळाचरित्र' येथेच सिद्ध केले. ते कसे केले हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे म्हाइंभट स्वतः गेले, एकेक आठवण विचारून घेतली, नागदेवाचार्यांकडून ती पडताळून घेतली आणि मगच लिहिली. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथामागे अशी साक्षीची शिस्त आहे.

त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला आणि २०२४ साली डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले. आपल्या समाजातील मराठी घेऊन एम. ए. झालेली मुले-मुली आज या विद्यापीठाकडे आशेने पाहतात. आपल्याला यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. शेख महंमद आणि शहा मुनी यांची मराठी आपल्याच घरातली आहे. पण प्राध्यापकाची खुर्ची दिसते तेव्हा त्या खुर्चीच्या पायांखाली कोणता कायदा आहे हे फार थोडे पालक विचारतात. आजचा लेख त्यासाठी आहे.

पहिली गोष्ट अशी की शाळा देणगीतून उभी राहते, महाविद्यालय देणगी आणि अनुदानातून उभे राहते, पण विद्यापीठ कायद्यातून जन्मते. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले. त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले, जे पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते. तेव्हापासून साठ वर्षे वऱ्हाडचे पदवीधर नागपूरच्या शिक्क्याचे होते. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे जिल्हे त्याच्याकडे आले. पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आणि त्यानंतर २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा हे या मार्गावरचे पुढचे टप्पे.

'कायद्यातून जन्म' हा शब्द आपल्या समाजाला एकदा फार महाग पडला होता. १९६७ साली अझीझ बाशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अलीगढ विद्यापीठ १९२० च्या कायद्याने झाले, म्हणून ते मुसलमानांनी स्थापन केले असे म्हणता येत नाही. सर सय्यदांच्या कॉलेजापासूनची सारी मेहनत त्या एका वाक्यात बाजूला पडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी तो निवाडा रद्द ठरवला. संस्थेमागे कल्पना कोणाची, पैसा आणि खटपट कोणाची, हे पाहिले पाहिजे असे बहुमताने सांगितले. अलीगढपुरता अंतिम निर्णय मात्र छोट्या पीठाकडे सोपवला. म्हणजे जुने कागद, वर्गणीच्या पावत्या, सभांची इतिवृत्ते यांना अचानक किंमत आली. आपल्या संस्थांच्या कपाटातील इतिवृत्तांच्या वह्या वाळवीपासून सांभाळा असे मी म्हणतो, तेव्हा काही सदस्य हसतात. हसू नये.

आता शिक्षकाकडे वळू. एके काळी खासगी संस्थेतील शिक्षकाचे आणि चालकाचे नाते कायद्याच्या दृष्टीने मालक-नोकराचे होते. चालकाने काढले तर शिक्षकाने फार तर नुकसानभरपाई मागावी. 'मला माझ्या जागेवर पुन्हा बसवा' असे न्यायालयाकडे मागता येत नसे. उत्तर प्रदेशातील शामली येथील वैश्य पदवी महाविद्यालयाच्या प्रकरणात १९७५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले. खासगी कॉलेजची व्यवस्थापक समिती कायद्याने निर्माण झालेली नाही, म्हणून सेवेचा करार तिच्यावर बळजबरीने लादता येत नाही, असा त्याचा अर्थ. एखाद्या प्राध्यापकाने पंधरा वर्षे वर्ग घेतला आणि अध्यक्षांशी बिनसले, तर त्याच्या हातात उरे ती फक्त वकिलाची फी.

कामगार कायद्याची वाटही बंद होती. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात शिक्षणसंस्थेला 'उद्योग' मानले गेले, तेव्हा शिक्षकांना वाटले की आता कामगार न्यायालय आपले. पण गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संस्था उद्योग असली तरी शिक्षक 'कामगार' नव्हे. त्याचे कार्य उदात्त आहे. उदात्तपणाचे हे प्रशस्तिपत्र मिळाले आणि तक्रारीचे दार गेले! ग्रॅच्युइटीच्या बाबतीतही असेच झाले. २००४ साली न्यायालयाने शिक्षकांना त्या कायद्याबाहेर ठेवले. २००९ मध्ये संसदेने दुरुस्ती करून ३ एप्रिल १९९७ पासून त्यांना आत घेतले.

महाराष्ट्रात मात्र या वेळेपर्यंत एक चांगला कायदा झाला होता. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि त्याची १९८१ ची नियमावली. कनिष्ठ महाविद्यालयाचे शिक्षकही त्यातच येतात. या कायद्याने शाळा न्यायाधिकरण दिले. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा डावलून दुसऱ्याला बढती, यांविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते, आणि न्यायाधिकरण शिक्षकाला पुन्हा जागेवर बसवू शकते. वरिष्ठ महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या शिक्षकांसाठी असेच न्यायाधिकरण विद्यापीठ कायद्यात आहे; २०१६ च्या कायद्यात ते ८१ व्या कलमात सापडते.

या कायद्यातील राजीनाम्याचे कलम पाहण्यासारखे आहे. शिक्षकाला राजीनामा द्यायचा असेल तर त्याने तो दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही व तारीख टाकावी, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. एवढा खटाटोप कशासाठी? ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना सांगायला नको. नेमणूक देतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची, आणि नको झाला की त्यावर राजीनामा टंकायचा, ही रीत होती. टपालाच्या शिक्क्याने ती रीत अवघड केली. बंद झाली असे म्हणण्याचे धाडस मी करत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनो, उद्या तुम्ही शिक्षक व्हाल तेव्हा कोऱ्या कागदावर सही करू नका, समोर चाचा बसलेले असोत की मामू.

इथे आपल्या बैठकांत नेहमी येणारा मुद्दा येतो. 'आपली संस्था अल्पसंख्याक आहे, घटनेच्या ३० व्या कलमाने आपल्याला कारभाराचा हक आहे, हे कायदे आपल्याला लागू नाहीत.' हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच घातक आहे. १९७४ साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात नऊ न्यायमूर्ती बसले होते. प्राध्यापकाला काढण्यापूर्वी कुलगुरूंची परवानगी हवी, आणि ती कशावरून द्यावी वा नाकारावी याला काही मोजमाप नाही, असे गुजरातच्या कायद्यातील बंधन त्यांनी अल्पसंख्याक महाविद्यालयांपुरते नाकारले. तेवढाच भाग आपण लक्षात ठेवला. पण शिक्षकांची पात्रता, सेवेची सुरक्षितता, शिक्षणाचा दर्जा यांसाठी नियम करता येतात, हेही त्याच निवाड्यात आहे. कारभाराच्या हकात गैरकारभाराचा हक येत नाही.

महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्यात अल्पसंख्याक शाळेला दिलेली मोकळीक किती आहे तेही पाहा. मुख्याध्यापक, आणि व्यवस्थापनाने नावे कळवलेल्या जास्तीत जास्त तीन व्यक्ती, एवढ्यांच्या भरतीला तो कायदा लागू होत नाही. बस्स. बाकीच्या सगळ्या शिक्षकांना तो लागू आहे, आणि चपराशालाही.

१९८६ चा दिल्लीच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलचा खटला तर मला सर्वांत बोलका वाटतो. दिल्लीच्या शाळा कायद्याने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना पगार-भत्त्यांच्या नियमांतून वगळले होते. तक्रार घेऊन गेले ते कोण? त्याच शाळेचे कर्मचारी! शेजारच्या शाळेतील शिक्षकाला जो पगार मिळतो तो आम्हाला का नाही, आम्ही अल्पसंख्याकांच्या शाळेत शिकवतो ही आमची चूक काय, असा त्यांचा सवाल होता. न्यायालयाने ते वगळणे घटनाबाह्य ठरवले. आपल्या संस्थेत शिकवणारा तरुण बहुधा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. त्याला कमी देऊन कौमची खिदमत होते, हा हिशेब मला कधी समजला नाही. पुढे २००२ च्या टी. एम. ए. पै निवाड्यात अकरा न्यायमूर्तींनी खासगी संस्थांतील कर्मचाऱ्यांसाठी जिल्हास्तरावर न्यायाधिकरण असावे असे सुचवले. महाराष्ट्राला ते नवे नव्हते.

पात्रतेची कहाणी वेगळी. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने व्याख्यात्यांसाठी नेट परीक्षेची अट घातली, आणि महाराष्ट्रात १९९५ पासून सेट सुरू झाली. मधल्या काळात नेट-सेट नसलेले हजारो तरुण कॉलेजांत लागले. शासनाने २७ जून २०१३ च्या निर्णयाने २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळातील अशा नेमणुकांचा प्रश्न घेतला. आधीची सेवा धरायची की नाही यावर मुंबई उच्च न्यायालयात खटल्यांची रांग लागली. अशा खटल्यांत निकाल कशावर फिरतो? जाहिरात निघाली होती का, निवड समिती रीतसर बसली होती का, विद्यापीठाची मान्यता कोणत्या तारखेची, यावर. तारखेचे महत्त्व १ नोव्हेंबर २००५ नंतर आणखी वाढले, कारण त्या दिवसापासून लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना राहिली नाही. चालकांनी 'उद्यापासून ये बाबा, कागद नंतर करू' म्हणून मायेने लावलेल्या माणसाचे म्हातारपण त्या 'नंतर'मध्ये अडकते.

मान्यता नसली म्हणजे सर्व संपले असेही नाही. सेंट उलाई हायस्कूलच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००६-०७ च्या सुमारास स्पष्ट केले की शिक्षण खात्याची मान्यता हा मुख्यतः अनुदानाचा प्रश्न आहे. मान्यता नाही एवढ्याच कारणाने शिक्षकाचे अपील फेटाळता येत नाही. माझ्या ओळखीचा एक शिक्षक नोकरी गेल्यावर 'माझी मान्यताच नव्हती' म्हणून घरी बसून राहिला. पाच महिन्यांनी वकिलाकडे गेला. तीस दिवसांची मुदत तेव्हा कधीच उलटली होती. पुरेसे कारण दाखवले तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकते, पण 'ठाऊक नव्हते' हे कारण दुबळे असते.

शिक्षकांवरची जिम्मेदारीही वाढत गेली आहे. १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याप्रमाणे तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. दुर्लक्ष केले तर त्याने गुन्ह्याला साह्य केले असे मानले जाते. २०१३ च्या कायद्याने प्रत्येक संस्थेत महिलांसाठी अंतर्गत तक्रार समिती हवी. मुलींना दुसऱ्या गावी कॉलेजला पाठवणाऱ्या आईबापांनी प्रवेशाच्या दिवशी फीबरोबर या समितीची अध्यक्षा कोण हेही विचारावे. उत्तर देताना कार्यालय चाचरले तर बरेच काही समजते.

आणि रिद्धपूर? तिथल्या किंवा कोणत्याही विद्यापीठाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या मुलांनी जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. पद मंजूर आहे की कंत्राटी, की तासिका तत्त्वावरचे, हे तिथे लिहिलेले असते. तासिकेवरच्या शिक्षकाला तासाप्रमाणे मानधन मिळते, नेमणूक सत्रापुरती असते, सुट्टीचा पैसा नसतो. वऱ्हाडातील कित्येक कॉलेजांत सेट झालेले, पीएच. डी. झालेले तरुण याच तत्त्वावर चाळिशीला पोहोचले आहेत. त्यांना वर्गात 'सर' म्हणतात आणि बँक कर्ज देत नाही. तरीही त्यांनी दर सत्राचा नेमणूक-आदेश, हजेरीची नक्कल, विद्यापीठाचे मान्यतापत्र आणि मानधनाची पावती एका फाइलीत, तारखेच्या क्रमाने, दोन प्रतींत ठेवावी. एक प्रत घरी, आणि एक अशा माणसाकडे जो ती हरवणार नाही.