सूर्यमालेचा व्हिडिओ गेम : उडी मोबाइलवर कळते, अंतर मात्र पादरा-बडोदा रस्त्यावर

पादरा (वडोदरा) : सुट्टी लागली की घरातला एक मोबाइल मुलांच्या ताब्यात जातो. "अभ्यासाचाच गेम आहे" असे मूल सांगते आणि आई-बाबाही फार खोलात जात नाहीत. एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर उड्या मारत सूर्यमाला दाखवणारे गेम या 'अभ्यासाच्या' यादीत हमखास असतात. हे गेम नेमके कसे असतात, त्यातून खरे काय शिकायला मिळते आणि चुकीचे काय डोक्यात बसते, ते पाहू.

प्लॅटफॉर्म गेम म्हणजे काय?

ज्या गेममध्ये पात्र धावते, उड्या मारते, फळ्यांवर किंवा कड्यांवर चढत पुढे जाते, त्याला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. निन्टेंडो कंपनीचा १९८५ चा 'सुपर मारियो ब्रदर्स' हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेममुळे आज चाळिशीत असलेल्या पालकांनीही तो खेळलेला असतो.

हाच साचा अभ्यासासाठी वापरला गेला. जोआना कोल यांनी लिहिलेल्या आणि ब्रूस डेगन यांनी चित्रे काढलेल्या 'मॅजिक स्कूल बस' या अमेरिकन पुस्तकमालेत एक शिक्षिका अख्खा वर्ग बसमध्ये घालून सहलीला नेते. त्यातले सूर्यमालेवरचे पुस्तक १९९० मध्ये आले. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावर कॉम्प्युटरसाठी सीडी काढली आणि १९९५ मध्ये सेगा कंपनीने आपल्या जेनेसिस यंत्रासाठी 'स्पेस एक्स्प्लोरेशन गेम' आणला. आज मोबाइलवर दिसणारे बरेच गेम याच वाटेने चालतात : ग्रहावर उतरा, वस्तू गोळा करा, प्रश्नाचे उत्तर द्या, पुढच्या ग्रहावर जा.

गेम चांगला की नुसता रंगीत? उडी बघा

प्लॅटफॉर्म गेमची खरी ताकद उडीत आहे. गुरुत्वाकर्षण हा शब्द पुस्तकात वाचून पाठ होतो, पण उडी बदलली की तो समजतो. पृथ्वीवर ५० सेंटिमीटर उंच उडी मारणारे मूल तेवढ्याच जोराने चंद्रावर साधारण ३ मीटर उडेल. मंगळावर ती उडी सुमारे १.३ मीटर, तर गुरूच्या गुरुत्वाकर्षणात जेमतेम २० सेंटिमीटर भरेल.

त्यामुळे पालकांसाठी सोपी कसोटी अशी : मुलाच्या शेजारी पाच मिनिटे बसा. चंद्रावरची उडी आणि मंगळावरची उडी सारखीच असेल, तर त्या गेममध्ये फक्त मागचे चित्र बदलते, शिकायला फारसे काही नाही. उडी बदलत असेल, तर गेम बनवणाऱ्याने अभ्यास केला आहे.

दुसरी कसोटी जमिनीची. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांना उभे राहायला घट्ट जमीनच नाही. म्हणजे आठपैकी चार ग्रहांवर 'प्लॅटफॉर्म'च नाही! चांगला गेम अशा वेळी खेळाडूला गुरूच्या युरोपावर किंवा शनीच्या टायटनवर, म्हणजे त्यांच्या चंद्रांवर उतरवतो. शुक्राला जमीन आहे, पण तिथे सुमारे ४६५ अंश सेल्सियस तापमान आणि पृथ्वीच्या ९० पट दाब आहे. १९८२ मध्ये तिथे उतरलेले सोव्हिएत संघाचे वेनेरा-१३ यान १२७ मिनिटे टिकले, तर ती मोठी कामगिरी ठरली. गेममधला हिरो तिथे आरामात नाणी गोळा करत फिरत असेल, तर मुलाला ही गोष्ट जरूर सांगावी.

लघुग्रहांचा पाऊस आणि जुनी माहिती

मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात गेममध्ये दगडांचा नुसता पाऊस पडतो. प्रत्यक्षात दोन मोठ्या लघुग्रहांमध्ये सरासरी लाखो किलोमीटरची मोकळी जागा असते. १९७२ मध्ये निघालेले पायोनियर-१० हे यान पहिल्यांदा हा पट्टा ओलांडून गेले, तेही सुखरूप.

गेम जुना असेल तर माहितीही जुनी असते. २००६ पूर्वीच्या गेममध्ये प्लूटो नववा ग्रह म्हणून येतो. त्या वर्षी २४ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला बटुग्रह ठरवले. शनीचे चंद्र १९९५ च्या सुरुवातीला १८ मोजले जात, मार्च २०२५ मध्ये तो आकडा २७४ वर गेला. परीक्षेत याच गोष्टींचे गुण जातात.

नावांचाही घोळ होतो. घरात मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी आणि गेम हिंदीत असेल तर मूल गोंधळते. हिंदीत युरेनसला अरुण म्हणतात, जुन्या मराठी पुस्तकांत तोच प्रजापती आहे. नेपच्यून मात्र दोन्हीकडे वरुण. नावांची यादी एका कागदावर लिहून भिंतीला लावली की काम भागते.

सगळ्यात मोठी चूक अंतराची

एवढे सगळे बरोबर असले, तरी एक गोष्ट कुठलाच उड्या मारायचा गेम दाखवू शकत नाही, ती म्हणजे अंतर. अर्ध्या मिनिटात पुढचा ग्रह आला नाही तर मूल गेम बंद करील. म्हणून ग्रह शेजारी शेजारी ठेवावेच लागतात. मग सूर्यमाला म्हणजे एकाला एक लागून असलेली आठ घरे, अशी समजूत होते.

ती दुरुस्त करायला पादऱ्याच्या मुलांकडे रस्ता आहे. पादरा ते बडोदा हे अंतर साधारण १५ किलोमीटर धरू. १ मीटर म्हणजे ३ लाख किलोमीटर असे प्रमाण घेतले, तर अख्खी सूर्यमाला या रस्त्यावर बरोबर बसते.

सूर्य पादऱ्याच्या एसटी स्टँडवर ठेवा. तो साडेचार मीटरहून थोडा मोठा गोळा होईल. बोराएवढा बुध १९० मीटरवर, शुक्र ३६० मीटरवर, लिंबाएवढी आपली पृथ्वी ५०० मीटरवर. तिचा चंद्र म्हणजे तिच्यापासून सव्वा मीटरवर ठेवलेला हरभरा. माणूस आजवर फक्त त्या हरभऱ्यापर्यंत गेला आहे. मंगळ ७६० मीटरवर. चारही खडकाळ ग्रह पाऊण किलोमीटरमध्ये संपले.

मग लांबच लांब मोकळा रस्ता. मोठ्या माठाएवढा गुरू २.६ किलोमीटरवर, शनी ४.८ वर. खरबुजाएवढा युरेनस साडेनऊ किलोमीटरवर आणि नेपच्यून थेट बडोद्याच्या वेशीवर. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा याच प्रमाणात सुमारे १ लाख ३४ हजार किलोमीटरवर येतो, म्हणजे पृथ्वीला तीन फेऱ्यांहून जास्त.

या प्रमाणात आणखी एक गंमत आहे. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे आपल्या रस्त्यावर सेकंदाला १ मीटर. रमतगमत चालणारे मूल इथे प्रकाशाच्या वेगाने चालते! स्टँडपासून पृथ्वीपर्यंत त्याला ८ मिनिटे २० सेकंद लागतील, सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला लागतात तेवढीच. नेपच्यूनला पोचायला चार तासांहून जास्त. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर-२ या यानाला तिथे पोचायला १२ वर्षे लागली.

वाहतूक जास्त असल्याने मुलांना मुख्य रस्त्यावर एकटे सोडू नये. मंगळापर्यंतचा भाग गल्लीत किंवा शाळेच्या मैदानात फेऱ्या मारूनही करता येतो. पुढचे ग्रह बडोद्याला जाताना बसच्या खिडकीतून मोजावेत.

खर्चाचे काय?

'फ्री' लिहिलेला गेम बहुतेक वेळा जाहिरातींवर किंवा आतल्या खरेदीवर चालतो. मुलाच्या हातात मोबाइल देण्याआधी प्ले स्टोअरमध्ये खरेदीसाठी पासवर्ड लावावा, यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. नासाचे 'आइज ऑन द सोलर सिस्टीम' हे संकेतस्थळ आणि कॉम्प्युटरवरचे 'स्टेलेरियम' मोफत आहेत. बडोद्यात सयाजीबागेत सरदार पटेल तारांगण आहे. जाण्याआधी कार्यक्रमाची वेळ विचारून घ्यावी.

चित्र दाखवून शिकवणे या भागाला नवीन नाही. पादरा पूर्वी बडोदा संस्थानात होते. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० पासून गावोगावी ग्रंथालये उभी केली, आणि याच खात्यामार्फत खेड्यांत मॅजिक लँटर्नची चित्रे दाखवली जात. आता ते चित्र मुलाच्या हातात आले आहे. उडी त्याने गेममध्ये मारावी, अंतर मात्र घरच्या कुणीतरी सोबत चालून दाखवावे.