रंग उतरवणारी कळ

एखाद्या संकेतस्थळावरच्या चार ओळी उचलून आपल्या पत्रात चिकटवल्या की त्या एकट्या येत नाहीत. मूळ ठिकाणचा निळा रंग, करडी पार्श्वभूमी, अवाढव्य अक्षरं, रेघ मारलेल्या लिंका असं सगळं वऱ्हाड सोबत येतं. मग पत्र लिहिणारा एकेकाची पाठवणी करत बसतो: रंग काळा कर, पार्श्वभूमी पांढरी कर, अक्षर बारा पॉइंटचं कर. हे सगळं एका फटक्यात उरकणारी कळ आज बहुतेक प्रोग्रॅममध्ये असते. ती येण्याआधी बराच इतिहास घडला आणि त्यातला मजेचा भाग असा की, ज्यांनी हे दुखणं आणलं त्यांच्यापैकीच एकाने औषधही करून ठेवलं होतं.

1974 साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो नावाचा प्रोग्रॅम तयार केला. ऑल्टो या संगणकावर चालणाऱ्या ब्राव्होत ठळक अक्षर पडद्यावरही ठळक दिसे आणि तिरपं अक्षर तिरपं. तोवरच्या नेहमीच्या पडद्यांवर अक्षर म्हणजे नुसतं अक्षर. त्याला साज नव्हता, त्यामुळे उतरवायलाही काही नव्हतं.

ब्राव्हो देखणा असला तरी वापरायला भलताच तिरसट होता. त्यात भलत्या वेळी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप झाला, तर पहिल्या अक्षराने सगळा मजकूर निवडला जाई, दुसऱ्याने तो पुसला जाई, तिसऱ्याने नवा मजकूर घालण्याची तयारी होई आणि चौथं अक्षर, एकटं टी, तेवढं पानावर उरे. लॅरी टेस्लर या संशोधकाला असल्या प्रकारांची मनस्वी चीड होती. त्याने आणि टिम मॉटने मॅसॅच्युसेट्समधल्या गिन या पाठ्यपुस्तक प्रकाशन संस्थेसाठी जिप्सी नावाचा नवा प्रोग्रॅम लिहिला. गिनचे संपादक कात्रीने परिच्छेद कापत आणि दुसऱ्या पानावर डकवत. जिप्सीत तेच काम ‘कट’ आणि ‘पेस्ट’ या आज्ञांनी होऊ लागलं. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेला आणि 1983च्या लिसा व 1984च्या मॅकिंटॉश संगणकांबरोबर ही कात्री-डिंकाची जोडी घरोघर पोचली.

सिमोनी मात्र 1981मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेला आणि ब्राव्होची विद्या तिथे घेऊन गेला. तिथे रिचर्ड ब्रॉडी या तरुणाने वर्डची पहिली आवृत्ती लिहिली. ब्रॉडी, सिमोनी आणि डेव्हिड ल्यूबर्ट या तिघांनी ‘रिच टेक्स्ट फॉरमॅट’ म्हणजे आरटीएफ घडवला, तोही त्याच दशकात. रंग, फॉन्ट, समास हे सारं मजकुरात गुंफून एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याची ही सोय होती. वऱ्हाडाला प्रवासाचं तिकीट मिळालं ते इथे. त्याच ब्रॉडीने 1983मध्ये ‘मल्टि-टूल नोटपॅड’ नावाचा एक साधा मजकूर-संपादकही लिहिला होता. त्याचा वंशज नोटपॅड 1985पासून विंडोजसोबत मिळू लागला. नोटपॅडला रंग कळत नव्हते, ठळक अक्षर कळत नव्हतं, चित्र तर नाहीच. हा अडाणीपणाच पुढे त्याचा गुण ठरला.

तो कसा, हे समजायला क्लिपबोर्डच्या, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागेच्या, पोटात डोकवावं लागतं. आपण ‘कॉपी’ म्हणतो तेव्हा मजकुराची एकच प्रत तिथे जाते, असा समज असतो. प्रत्यक्षात कॉपी करणारा प्रोग्रॅम त्याच मजकुराच्या अनेक प्रती एकदम हजर ठेवतो: एक नुसत्या अक्षरांची, एक आरटीएफची, एक एचटीएमएलची म्हणजे वेबपानांच्या भाषेतली, कधी एखादी चित्राचीही. घेणारा प्रोग्रॅम त्यातली आपल्याला झेपेल ती सर्वांत श्रीमंत प्रत उचलतो. वर्डला सगळ्या झेपतात, म्हणून तो नटलेली उचलतो. नोटपॅडला एकच झेपायची, म्हणून तो साधी उचलायचा. म्हणजे ‘साधा मजकूर चिकटवा’ ही आज्ञा काहीच पुसत नाही. ती फक्त दुसरी प्रत मागते. साधी प्रत तिथे पहिल्यापासून होतीच, फक्त न विचारता नटलेलीच वाढायची असं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. हा निर्णय वापरणाऱ्याचा नव्हता आणि या सगळ्या वैतागाचं मूळ तिथे आहे.

नोटपॅडमधून मजकूर धुऊन काढण्याची युक्ती कोणी शोधली हे सांगता येणार नाही, कारण ती हजारो टेबलांवर आपापली सापडली असणार. वर्डमधून कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा, तिथून पुन्हा कॉपी करा आणि हवं तिथे चिकटवा. वर्ड 2000 आल्यावर तर या युक्तीची गरज आणखी वाढली. त्या आवृत्तीने साठवलेलं वेबपान उघडून पाहिलं तर दोन शब्दांच्या ओळीभोवतीही ‘एमएसओ’ने सुरू होणाऱ्या खुणांची झुंबड दिसे. ती साफ करायला वेबपानं बनवणाऱ्या ड्रीमवीव्हर या प्रोग्रॅममध्ये खास आज्ञा आली, डेव्ह रॅगेटच्या ‘टायडी’ या प्रोग्रॅममध्येही तशी सोय झाली आणि संकेतस्थळांच्या संपादन चौकटींत ‘वर्डमधून चिकटवा’ असं वेगळं बटणच दिसू लागलं. एका कंपनीच्या सवयीसाठी इतरांनी बटणं बनवायची, असा हा मामला.

वेबवरची रंगरंगोटी ही याच घराण्याची दुसरी शाखा. मुळात ‘मार्कअप’ म्हणजे संपादकाने हस्तलिखितावर छापखान्यासाठी केलेल्या पेन्सिलीच्या खुणा. 1969मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी संगणकासाठी अशा खुणांची भाषा रचली. गोल्डफार्ब हा वकील. ओळ कशी दिसावी हे न सांगता ती काय आहे ते सांगावं, शीर्षक आहे की परिच्छेद, असा त्या विचाराचा रोख होता. त्याच परंपरेतून वेबचा जनक टिम बर्नर्स-ली याची एचटीएमएल आली. मग ब्राउझरांची चढाओढ सुरू झाली आणि 1990च्या दशकाच्या मध्याला नेटस्केप व मायक्रोसॉफ्टने फॉन्ट, रंग, लुकलुकणारी अक्षरं, सरकत्या पट्ट्या असं काय काय त्या भाषेत घुसडलं. होकॉन विउम ली याने 10 ऑक्टोबर 1994 रोजी वेगळ्या शैलीपत्रकाचा प्रस्ताव मांडला. त्यातूनच डिसेंबर 1996मध्ये सीएसएस हे अधिकृत मानक झालं. रंग मजकुरात कालवायचा नाही, बाजूच्या पत्रकात ठेवायचा, हे त्याचं सार. शिवाय वाचणाऱ्यालाही आपलं पत्रक लावता यावं, अशी तरतूद त्यात होती. लुकलुक मात्र चिवट निघाली. फायरफॉक्समधून ती 2013मध्ये हद्दपार झाली.

मराठीत नोटपॅडच्या धुलाईने वेगळाच घोळ घातला. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड हे मानक रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांवर मराठीचा संसार चाले. या फॉन्टांत देवनागरी हा अक्षरशः वरचा पोशाख होता. आत संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असत. शिवाजी फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द म्हणजे आतून एम, ए, आर, ए, झेड आणि कॅपिटल आय. काना म्हणून ए, ठ म्हणून झेड. पोशाख उतरवला की हेच उघडं पडे. नोटपॅडमधून धुतलेला इंग्रजी मजकूर स्वच्छ होऊन येई. धुतलेला मराठी लेख मात्र कंस, टिंबं आणि विचित्र चिन्हांचा ढिगारा होऊन येई. श्रीलिपीतला मजकूर शिवाजीत लावला तर तिसरंच काही दिसे, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी. रूप आणि आशय वेगळे ठेवा हा गोल्डफार्बचा मंत्र इथे लागूच पडत नव्हता. रूप गेलं की आशयही जात होता.

खरं तर तोडगा कागदावर तयार होता. भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे मानक 1988मध्ये आलं, पुण्यात सी-डॅक या संगणन संशोधन संस्थेची स्थापनाही त्याच वर्षीची. 1991च्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. विंडोज 2000मध्ये ती नीट चालू लागली. तरीही छापखान्यांत पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅमसोबत जुने फॉन्ट पुढे बरीच वर्षं टिकले आणि फॉन्ट-परिवर्तक नावाच्या प्रोग्रॅमांची एक पिढी त्यावर जगली. मराठी मजकुराला निर्धोकपणे ‘साधं’ होता आलं ते युनिकोडमुळे. याचं मोल ज्यांनी त्या ढिगाऱ्यातून जुने लेख निवडून काढले आहेत त्यांनाच नीट कळेल.

रंगीत खुणांचा आणखी एक प्रकार कचेऱ्यांत छळतो: दुरुस्त्यांचा माग ठेवणारा ‘ट्रॅक चेंजेस’. साहेबांची लाल रेघ, सहकाऱ्याची निळी, कायदा विभागाची हिरवी, आणि मूळ मसुदा त्याखाली गुदमरलेला. पूर्वी आपल्याकडे पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन वर नवं लिहीत. ट्रॅक चेंजेसमधल्या खुणा ‘लपवणं’ हा तसाच लेप आहे. खालचं अक्षर खालीच राहतं. ऑक्टोबर 2005मध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या हत्येबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल वर्ड फाइलच्या रूपात बाहेर गेला, तेव्हा त्यातून वगळलेली नावं पत्रकारांना सहज वाचता आली. त्यांत सीरियाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या भावाचं नाव होतं. वर्ड 2007पासून असा दडलेला ऐवज शोधून काढणारी तपासणीची सोय आली. रंग नाहीसे करायचे तर दुरुस्त्या एकतर स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या. नजरेआड करणं पुरत नाही.

वाचणाऱ्यासाठीची धुलाई तुलनेने उशिरा आली. न्यूयॉर्कच्या आर्क90 या संस्थेने 2009मध्ये ‘रीडेबिलिटी’ नावाची छोटी युक्ती फुकट दिली: बटण दाबलं की जाहिराती, रकाने, रंग गायब आणि लेख तेवढा समोर. पुढच्याच वर्षी ॲपलने सफारी 5मध्ये तिच्यावर बेतलेलं ‘रीडर’ आणलं. पानावरचा कोणता भाग लेख आणि कोणता पसारा, हे ती युक्ती परिच्छेदांची लांबी, स्वल्पविराम आणि लिंकांचं प्रमाण पाहून ताडत असे. स्वल्पविरामांवरून लेखन ओळखण्याची ही कसोटी अनेक संपादकांनाही पटावी.

आणि ती कळ? क्रोम आणि गूगल डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की साधी प्रत येते. मॅकवरच्या अनेक प्रोग्रॅममध्ये त्यासाठी कमांड, ऑप्शन, शिफ्ट आणि व्ही अशा चार कळा एकदम दाबाव्या लागतात. वर्डमध्ये आधीच नटलेला मजकूर निवडून कंट्रोल-स्पेस दाबलं तर अक्षरांचा साज उतरतो. चिकटवतानाच साधी प्रत घेणारी कंट्रोल-शिफ्ट-व्ही ही जोडणी मात्र वर्डने 2023मध्ये स्वीकारली, म्हणजे वर्ड बाजारात येऊन चाळीस वर्षं झाल्यावर. मे 2025मध्ये मायक्रोसॉफ्टने नोटपॅडच्या चाचणी-आवृत्तीत ठळक आणि तिरप्या अक्षरांची, शीर्षकांची सोय घातली. त्याच्या मेनूत आता फॉरमॅटिंग काढून टाकण्याची आज्ञाही आहे.