यामाशिता, यासुहिरो

(१ जून १९५७– ). विख्यात जपानी ज्यूदोपटू व प्रशिक्षक. १९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिक सामन्यांत खुल्या गटाचे सुवर्णपदक त्याने मिळविले आणि १९९२ ते २००० या काळात जपानच्या राष्ट्रीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले. स्पर्धक म्हणून त्याची ख्याती अजिंक्यतेवर उभी आहे. प्रशिक्षक म्हणून त्याचे महत्त्व पराभव कसा पचवावा, हे शिकविण्यात आहे.

यामाशिताचा जन्म क्यूशू बेटावरील कूमामोतो प्रांतात झाला. लहानपणी तो वयाच्या मानाने थोराड व अत्यंत दांडगट होता. त्याच्या अंगच्या रगेला शिस्तीचे वळण लागावे, म्हणून घरच्यांनी त्याला ज्यूदोच्या शिक्षणास घातले. पुढे तोकाई विद्यापीठात नोबुयुकी सातो या नामवंत ज्यूदोपटूच्या मार्गदर्शनाखाली त्याचे शिक्षण झाले. १९७७ मध्ये वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी त्याने अखिल जपान अजिंक्यपद जिंकले. या स्पर्धेत वजनाचे गट नसतात. त्यामुळे जपानी ज्यूदोत तिचा मान सर्वांत मोठा समजला जातो. हे अजिंक्यपद त्याने १९८५ पर्यंत सलग नऊ वर्षे स्वतःकडे राखले. जागतिक स्पर्धांत त्याने १९७९ (पॅरिस), १९८१ (मास्ट्रिख्ट) व १९८३ (मॉस्को) या वर्षी मिळून चार सुवर्णपदके मिळविली. त्यांपैकी दोन मास्ट्रिख्ट येथील होती. ऑक्टोबर १९७७ पासून एप्रिल १९८५ पर्यंत त्याने २०३ लढती जिंकल्या, सात बरोबरीत सोडविल्या व एकही गमावली नाही. डाव्या पवित्र्याने उभे राहून प्रतिस्पर्ध्याचा पाय बाहेरून वा आतून झाडून त्याला पाडणे आणि तो खाली येताच जमिनीवर जखडून टाकणे, ही त्याच्या खेळाची पद्धती होती. उभ्याने खेळावयाचे डाव व जमिनीवरील पेच या दोहोंवर त्याचे सारखेच प्रभुत्व होते.

कारकीर्दीच्या ऐन बहरात मात्र ऑलिंपिकचे दार त्याला बंद झाले. अफगाणिस्तानातील सोव्हिएट लष्करी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ अमेरिकेने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार पुकारला व जपानने त्यास साथ दिली. खेळाडूंना भाग घेऊ द्यावा, अशी कळकळीची विनंती करणाऱ्यांत यामाशिता होता. परंतु ती मान्य झाली नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एका लढतीत त्याच्या डाव्या पायाचे हाड मोडले.

चार वर्षांनी लॉस अँजेल्स येथे त्याला संधी मिळाली. दुसऱ्या लढतीत, पश्चिम जर्मनीच्या आर्थर श्नाबेलविरुद्ध खेळताना, त्याच्या उजव्या पोटरीचा स्नायू फाटला. ती लढत त्याने जिंकली, पण पुढील लढतीस तो उघडपणे लंगडतच उतरला. उपान्त्य लढतीत फ्रान्सच्या लोराँ देल कोलोंबोने आरंभीच त्याला पाडून आघाडी घेतली. यामाशिताने प्रतिहल्ला करून त्याला जखडले. अंतिम लढतीत ईजिप्तच्या मोहम्मद रश्वानला जमिनीवर दाबून धरून त्याने सुवर्णपदक निश्चित केले. पदकप्रदानाच्या वेळी रश्वानने त्याला चौथऱ्यावर चढण्यास हात दिला. रश्वानच्या खिलाडूवृत्तीचा पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. ऑलिंपिकमध्ये खुला गट त्यानंतर खेळविला गेला नाही. त्याच वर्षी जपान सरकारने यामाशितास राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला. १९८५ मध्ये अखिल जपान स्पर्धेच्या अंतिम लढतीत हितोशी साइतोवर विजय मिळवून तो निवृत्त झाला.

निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये काही काळ राहून त्याने परदेशातील ज्यूदोचा परिचय करून घेतला व नंतर तोकाई विद्यापीठात अध्यापन-प्रशिक्षणास वाहून घेतले. १९९२ मध्ये तो राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. ज्यूदो तोपर्यंत जपानची मक्तेदारी राहिला नव्हता. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये हॉलंडच्या अँटोन गेसिंकने खुल्या गटात जपानी प्रतिस्पर्ध्यास हरविले, तेव्हाच ही गोष्ट स्पष्ट झाली होती. सुवर्णाखेरीज कोणतेही पदक अपयशच, अशी समजूत मात्र जपानमध्ये टिकून होती आणि तिचा भार खेळाडूंवर पडे. यामाशिताच्या कारकीर्दीत जपानी पुरुषांनी १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये दोन व २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळविली. सिडनीतील विजेत्यांपैकी कोसेई इनोउए हा तोकाई विद्यापीठातील त्याचाच शिष्य होता.

यामाशिताच्या शिकवणुकीची खरी कसोटी लागली ती सिडनीतील एका पराभवाच्या वेळी. सर्वाधिक वजनी गटाच्या अंतिम लढतीत शिनइची शिनोहाराने फ्रान्सच्या दाव्हिद दुईयेचा डाव चुकवून त्यालाच पाठीवर पाडले, असे अनेक जाणकारांचे मत होते. पंचांनी मात्र गुण दुईयेला दिला व शिनोहारास रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. यामाशिताने तत्काळ हरकत घेतली, पण निर्णय बदलला नाही. शिनोहाराने पंचांना दोष न देता आपणच कमी पडलो, असे सांगितले. शिष्याच्या हक्कासाठी नियमांच्या चौकटीत राहून झगडणारा गुरू आणि निकालाचा दोष दुसऱ्यावर न ढकलणारा शिष्य, असे या प्रसंगाचे दुहेरी रूप आहे.

२००० नंतर मुख्य प्रशिक्षकपद क्रमाने साइतो, शिनोहारा व इनोउए यांच्याकडे गेले. म्हणजे यामाशिताचा एकेकाळचा प्रतिस्पर्धी व त्याच्या संघातील दोन खेळाडू यांनी ही परंपरा पुढे चालविली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानी पुरुषांना एकही सुवर्णपदक मिळाले नाही. २०२१ मध्ये भरलेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये इनोउएच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पाच सुवर्णपदके जिंकली.

यामाशिताने २००३ ते २००७ या काळात आंतरराष्ट्रीय ज्यूदो महासंघात शिक्षण व प्रशिक्षण विभागाचे काम पाहिले. २००६ मध्ये त्याने ज्यूदोद्वारा आंतरराष्ट्रीय सलोखा वाढविण्यासाठी एक संस्था स्थापन केली. २०१३ मध्ये राष्ट्रीय महिला संघातील खेळाडूंनी प्रशिक्षकाच्या मारहाणीविरुद्ध केलेली तक्रार उघड झाली व जपानी ज्यूदो महासंघाची पुनर्रचना करावी लागली. त्या वेळी यामाशिता महासंघाचा उपाध्यक्ष झाला. २०१७ मध्ये तो अध्यक्ष झाला. २०१९ ते २०२५ या काळात जपानी ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये अपघातात त्याच्या मानेस गंभीर इजा झाली.

ज्यूदोचा प्रवर्तक जिगोरो कानो याने १८८२ मध्ये कोदोकानची स्थापना केली. स्वतःच्या व इतरांच्या परस्पर उत्कर्षाचे तत्त्व त्याने ज्यूदोच्या मुळाशी मानले होते. विजयाच्या संख्येने मोजल्यास यामाशिताची बरोबरी करणारे थोडेच आहेत. परंतु त्याच्या आयुष्यातील निर्णायक क्षण पाहता हुकलेले ऑलिंपिक, फाटलेला स्नायू आणि शिष्याचे हिरावलेले सुवर्णपदक यांचे मोल त्या संख्येहून कमी ठरत नाही.